नको तो हुकूम कसा नाकारावा: सीमाभागातील नोकरदारांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात नोकरी बहुधा जाहिरात वाचून मिळत नाही; कोणीतरी शब्द टाकलेला असतो म्हणून ती मिळते. पतसंस्थेचे चेअरमन गावातलेच असतात, साखर कारखान्याचे संचालक भावकीतले निघतात आणि ऑफिसातल्या साहेबांनी नोकरदाराच्याच मुलाच्या कॉलेज प्रवेशासाठी कधीतरी फोन केलेला असतो. अशा माणसाने एके दिवशी केबिनचे दार लोटून घेऊन, करू नये ते काम करायला सांगितले, तर खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस पेचात सापडतो. ज्याच्याशी आपले वाकडे आहे त्याला नाही म्हणायला फारशी तयारी लागत नाही. ज्याचे आपल्यावर उपकार आहेत त्याला, नाते न तोडता आणि नोकरी न सोडता, एका विशिष्ट कामाला नाही म्हणायचे असेल तर मात्र रीत माहीत असावी लागते. पुढील मजकूर त्या रीतीविषयी आहे.

तिचा गाभा एवढाच आहे की नकार त्या एका कामापुरताच ठेवावा. त्यात मागे राहून गेलेली पगारवाढ आणू नये, साहेबांचा स्वभाव आणू नये आणि आपल्या भागात तर मराठी-कानडी हा विषय चुकूनही आणू नये. नकार जितका अरुंद, तितका तो मोडून काढणे समोरच्याला कठीण जाते. तो पसरट झाला की वाद भलत्याच गोष्टींवर सुरू होतो आणि मूळ काम मागच्या दाराने आपल्याकडून करून घेतले जाते.

आधी हुकूम तपासून घ्यावा

न पटणारा प्रत्येक हुकूम नाकारण्याजोगा नसतो. रविवारी कामावर बोलावणे, आपण सुचवलेली पद्धत बाजूला ठेवून जुनीच पद्धत चालू ठेवायला सांगणे, आपल्या हाताखालच्या माणसाला दुसऱ्या शाखेत पाठवणे, या गोष्टी त्रासदायक असतात, कधी मूर्खपणाच्याही असतात. पण आपले मत स्पष्ट सांगून झाल्यावर त्या निमूटपणे कराव्यात. जो दर आठवड्याला कशाला तरी विरोध करतो, त्याच्या खऱ्या नकाराला वजन राहत नाही. याउलट, वर्षानुवर्षे सांगितलेले काम चोख करणाऱ्या माणसाने एकदाच मान हलवली तर ऐकणारा दचकतो. नोकरीतली निष्ठा ही अशा वेळी उपयोगी पडणारी ठेव आहे, असे माझे मत आहे.

हुकूम मर्यादेपलीकडचा आहे की नाही हे ठरवण्यासाठी दोन प्रश्न पुरेसे होतात. या कामाने ज्याचे नुकसान होणार आहे त्याला ते कळणार आहे का, आणि माझ्या सहीखाली किंवा माझ्या तोंडून एखादी खोटी गोष्ट खरी म्हणून जाणार आहे का? पहिल्याचे उत्तर नाही आणि दुसऱ्याचे होय असेल, तर पुढे विचार करण्यासारखे फारसे उरत नाही.

उसाच्या हंगामातले उदाहरण घेऊ. काट्यावरच्या कारकुनाला काटा मारायला सांगितले जाते, म्हणजे ट्रॉलीचे वजन प्रत्यक्षापेक्षा कमी नोंदवायला सांगितले जाते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला (म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये हा किमान दर ठरवला आहे. या हिशेबाने ट्रॉलीमागे दोन क्विंटल जरी कमी दाखवले तरी शेतकऱ्याचे ७१० रुपये त्याच्या नकळत जातात, आणि त्याच्या हातात येणारी वजनाची पावती आपण दिलेली असते. पतसंस्थेत हीच गोष्ट मार्चअखेरीला घडते. थकलेले कर्ज थकीत दिसू नये म्हणून त्याच कर्जदाराच्या, किंवा त्याच्या बायकोच्या अगर गड्याच्या नावावर नवे कर्ज काढून जुने खाते मिटवायचे, आणि फाइलवर ‘प्रत्यक्ष पाहणी केली’ असा शेरा मारून मॅनेजरने सही करायची. ३१ मार्चचा ताळेबंद छान दिसतो. ज्यांनी रोज वीस-पन्नास रुपये पिग्मी भरलेली असते, त्यांना आपले पैसे कुठे गेले हे पुढे एखाद्या दिवशी संस्थेचे शटर खाली आल्यावर समजते.

तिसरे उदाहरण खास आपल्या भागातले आहे आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही, म्हणून ते सविस्तर सांगतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आला आणि सरकारी कागद कानडीत होऊ लागले. आज मराठी घरांतली तरुण मुले कानडी सफाईने वाचतात, पण खानापूर तालुक्यातल्या खेड्यांतून किंवा निपाणीच्या आसपास साठी-सत्तरीतली अशी पुष्कळ माणसे भेटतात ज्यांना कानडी बोललेले थोडेबहुत समजते आणि लिहिलेले मात्र एक अक्षरही लागत नाही. अशा माणसाची सही किंवा अंगठा कर्जाच्या कागदावर, जमिनीच्या वाटणीपत्रावर, हक्कसोड पत्रावर किंवा वटमुखत्यारपत्रावर घ्यायचा असतो, आणि दोन्ही भाषा येणारा ऑफिसातला कारकून त्या कामासाठी मुद्दाम निवडला जातो. साहेब सांगतात की म्हातारीला सगळे वाचून दाखवत बसू नकोस, पेन्शनचा कागद आहे म्हण आणि अंगठा घे. कागदाच्या शेवटी ‘वाचून दाखवला, समजला, मान्य आहे’ हे वाक्य आधीच छापलेले असते आणि त्याखाली साक्षीदार म्हणून त्या कारकुनाचे नाव असते.

हा हुकूम वरवर किरकोळ वाटतो, कारण कारकून कोणाचे पैसे उचलत नाही आणि आकडाही खोटा लिहीत नाही. तो फक्त गप्प राहतो. पण त्या म्हातारीने अंगठा दिलेला असतो तो कागद पाहून नव्हे, तर आपला मराठी माणूस समोर बसला आहे हे पाहून. तिच्या दृष्टीने कागद म्हणजे तो कारकूनच. न वाचता येणाऱ्या माणसाच्या कागदाबाबत न्यायालये फार पूर्वीपासून असे मानत आली आहेत की मजकूर समजावून सांगितला होता हे सिद्ध करण्याचा भार कागदाचा फायदा घेणाऱ्यावर असतो. त्यामुळे प्रकरण कोर्टात गेले की पहिला साक्षीदार म्हणून ज्याला पिंजऱ्यात उभे केले जाते, तो हाच कारकून असतो. पाहुण्याच्या काठीने साप मारण्याचा हा प्रकार आहे, आणि काठी आपण असतो.

कायदा कुठपर्यंत सोबत देतो

‘मला वरून सांगितले होते’ हे उत्तर आपल्याला वाचवील, असा अनेकांचा समज असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४ नुसार, आणि त्याआधी दंडसंहितेच्या कलम ७६ नुसार, हुकुमाचे संरक्षण मिळते ते जे करण्यास आपण कायद्याने बांधलेले आहोत त्या कृत्यालाच. तेथे दिलेले उदाहरण वरिष्ठाच्या हुकुमावरून जमावावर गोळी झाडणाऱ्या सैनिकाचे आहे, आणि त्यातही तो हुकूम कायद्याला धरून असल्याची अट आहे. चेअरमनच्या तोंडी सूचनेला असे कोणतेही बळ नसते. धाकापोटी केले हा बचाव कलम ३२ मध्ये आहे, पण त्यासाठी तत्काळ मृत्यूची भीती लागते. नोकरी जाण्याची भीती त्यात बसत नाही. हिशेबात जाणूनबुजून खोटी नोंद करणाऱ्या कारकुनाला, अधिकाऱ्याला किंवा नोकराला कलम ३४४ खाली, म्हणजे जुन्या कलम ४७७ अ खाली, सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि कोणाला तरी पाकीट पोचवून ये, असे सांगितले गेले असेल तर हेही लक्षात असावे की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीपासून सरकारी नोकराला लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. नाइलाजाने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवावे लागते.

हे सर्व माहीत करून घ्यावे ते स्वतःचा निश्चय पक्का होण्यासाठी. साहेबांसमोर कलमे म्हणून दाखवू नयेत, त्याचे कारण पुढे येईल.

हुकुमाचा आधी प्रश्न करावा

अशा प्रसंगी आपल्याकडे रामशास्त्री बाण्याची आठवण दिली जाते. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवून रामशास्त्री प्रभुणे पुणे सोडून गेले, हे खरेच मोठे आहे. परंतु ते न्यायाधीश होते, निवाडा देणे हेच त्यांचे काम होते. पिग्मीचा हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाला त्या उंचीवरून बोलायला सांगणे मला फारसे उपयोगाचे वाटत नाही. त्याच्या जवळचा नमुना द्यूतसभेत आहे आणि त्याचे नावही आपण विसरतो. द्रौपदीला सभेत घेऊन ये, हे दुर्योधनाने आधी विदुराला सांगितले, आणि विदुराने ते मानले नाही तेव्हा तोच हुकूम प्रातिकामी नावाच्या सूताला दिला. तो गेला, पण तिला न घेताच परत आला. युधिष्ठिर आधी स्वतःला हरले की मला, हा तिचा प्रश्न त्याने भर सभेत ठेवला. पुन्हा पाठवल्यावरही, राजकन्येला मी काय सांगू, असेच तो सभेला विचारत राहिला. शेवटी दुर्योधनाला ते काम दुःशासनाकडे सोपवावे लागले. जे घडायचे ते घडले, परंतु प्रातिकामीच्या हातून घडले नाही, आणि भीष्म-द्रोणांनाही ज्याचे उत्तर देता आले नाही असा प्रश्न त्याच्यामुळे सभेत आला.

आपणही आधी तेच करावे. हुकूम कानावर पडताच हो किंवा नाही म्हणण्याऐवजी तो स्पष्ट करून मागावा: कोणत्या खात्यावर, कोणत्या तारखेने, कोणाच्या सहीने, कोणत्या ठरावाच्या आधारे? बऱ्याच वेळा गोष्ट इथेच थांबते, कारण आडवळणाने सांगितलेली गोष्ट सरळ शब्दांत उच्चारताना सांगणाऱ्यालाच अवघड वाटते. कधी कधी आपलाच गैरसमज झाला होता असेही निघते, आणि मग न बोललेल्या नकाराबद्दल देवाचे आभार मानावेत.

दुसरी पायरी लेखी मागणे. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी असलेल्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत वरिष्ठाने हुकूम शक्यतो लेखी द्यावा, तोंडी दिल्यास लगेच लेखी दुजोरा द्यावा, आणि कनिष्ठाने तो दुजोरा मागून घ्यावा, असे स्पष्ट म्हटले आहे. माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी दिलेल्या निकालातही अधिकाऱ्यांनी तोंडी हुकुमांवर काम करू नये, आलेल्या तोंडी सूचनेची नोंद ठेवावी, असाच रोख आहे. पतसंस्थेला, कारखान्याला किंवा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीला हे नियम लागू नसले तरी रीत तीच वापरता येते. एक साधी टिपणी लिहावी: “आज दुपारी आपण अमुक खात्याबाबत दिलेल्या सूचनेसंबंधी मला खालील दोन गोष्टींचा खुलासा हवा आहे.” एवढेच. टिपणीत आरोप नको, ‘बेकायदेशीर’ हा शब्द नको, साहेबांच्या हेतूविषयी अक्षरही नको. ती त्या ऑफिसची फाइल ज्या भाषेत चालते त्या भाषेत लिहावी. कानडी लिहिताना हात अडखळत असेल तर विश्वासातल्या माणसाकडून तपासून घ्यावी, पण मजकूर आपलाच असावा, कारण उद्या तो आपल्यालाच समजावून सांगावा लागेल.

प्रत्यक्ष बोलताना

प्रश्न विचारूनही हुकूम कायम राहिला, तर नाही म्हणण्याची वेळ येते. ती लांबवू नये. ३० मार्चच्या रात्री नाही म्हणणारा मॅनेजर चेअरमनला कोंडीत पकडतो आणि मग समोरचा माणूस सूड म्हणून वागतो. तोच नकार फेब्रुवारीत मिळाला असता तर त्यांना दुसरा मार्ग शोधायला वेळ राहिला असता. नकार एकांतात द्यावा. संचालकांच्या बैठकीत किंवा शिपायादेखत दिलेला नकार हा अपमान ठरतो, आणि अपमान झालेल्या माणसाला माघार घेता येत नाही. घरी जाऊन बोलू नये. तेथे चहा येतो, वहिनी विचारपूस करतात आणि आपण ऑफिसातला माणूस न राहता घरचा माणूस होतो. ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या खोलीत, उभ्याने चार वाक्यांत सांगावे.

वाक्ये साधारण अशी असावीत: “अण्णा, आजवर तुमचा शब्द मी खाली पडू दिलेला नाही आणि यापुढेही बाकी काय सांगाल ते करतो. या तीन फाइलींवर मात्र माझी सही होणार नाही. पाहणी केली नाही ती केली म्हणून मी लिहिणार नाही. वसुलीला उद्यापासून मी स्वतः फिरतो.” यात नात्याची कबुली आहे, नकाराची हद्द आहे, कारण एकच आहे आणि शेवटी काम आहे.

कारण एकच का, हे समजून घेण्यासारखे आहे. घाबरलेला माणूस पुष्कळ कारणे देतो. ऑडिटर पकडेल, असे तो म्हणतो. लगेच उत्तर मिळते की ऑडिटरचे मी बघतो. सही जुळणार नाही म्हटले तर सही जुळवणारा माणूस हजर होतो. कलम ३४४ सांगितले तर चेअरमन आपल्या वकिलाला फोन लावतात आणि वकील सांगतो की काही होत नाही. प्रत्येक कारणाला तोड निघाल्यावर आपल्याकडे नकार उरतो आणि कारण उरत नाही, मग ऐकावेच लागते. म्हणून सगळा धोका नाहीसा झाला तरी जे कारण टिकेल तेच सांगावे: हे खोटे आहे आणि मी ते लिहिणार नाही. या वाक्याला वकिलाकडे उत्तर नसते.

त्याबरोबर करता येण्याजोगा मार्ग पुढे ठेवावा, कारण साहेबांपुढची अडचण बहुधा खरी असते. थकीत कर्ज थकीतच दाखवून, कर्जदाराकडून मुदतवाढीचा अर्ज घेऊन, संचालक मंडळाचा रीतसर ठराव करून हप्ते बांधून देता येतात; ताळेबंद थोडा काळवंडतो, पण तो खरा असतो. कागदाच्या बाबतीत, “मी म्हातारीला मराठीत सगळे सांगतो, तिला समजले की अंगठा घेतो, तिने दोन दिवस मागितले तर दोन दिवस थांबू” असे म्हणता येते. व्यवहार सरळ असेल तर याला कोणी हरकत घेत नाही. हरकत आली, तर तो कागद कशासाठी होता हे आपल्याला न विचारता कळते.

नकारानंतरचे दिवस

पहिल्या नकाराने प्रकरण मिटेल, अशी आशा धरू नये. आधी समजावणी होते: सगळ्याच संस्थांत असे चालते, तूच एकटा कुठला हरिश्चंद्र. मग मामा किंवा सासरे निरोप घेऊन येतात, कारण चेअरमननी त्यांच्या कानावर घातलेले असते. म्हणूनच घरच्यांशी आपण आधी बोललेले असावे. नवऱ्याने हुकूम मोडला हे बायकोला बाहेरून कळले, तर घरातूनच दबाव सुरू होतो आणि त्यापुढे भलेभले वाकतात.

आपल्या भागात यानंतर भाषेचा मुद्दा येतो, आणि तो दोन्ही बाजूंनी येतो. वरिष्ठ कानडी असतील तर आपले हितचिंतक म्हणतात की मराठी माणसाला मुद्दाम अडकवले जात आहे, आपण लोक घेऊन जाऊ. वरिष्ठ मराठी असतील तर म्हणतात की आपलीच संस्था, आपल्याच माणसाने बुडवायची का, उद्या ती दुसऱ्यांच्या हातात जाईल. दोन्ही बोलण्यांत तळमळ असते, हे मान्य आहे. पण खोटे वजन मराठीत आणि कानडीत सारखेच खोटे असते, आणि एकदा प्रकरणाला सीमाप्रश्नाचे रूप आले की त्या तीन फाइलींत काय होते हे कोणालाच आठवत नाही. दोघांनाही सांगावे की हा विषय एका सहीचा आहे. याहून जास्त बोलू नये.

अर्धवट सुटका फार मोहात पाडते. त्या दिवशी रजा टाकावी, म्हणजे काम दुसऱ्याच्या हातून होईल आणि आपणही वाईट ठरणार नाही, असे वाटते. रजा टाकल्याने आपली सही वाचते हे खरे, पण नकार दिल्याचे कोठेच दिसत नाही आणि पुढच्या वर्षी तोच प्रसंग पुन्हा उभा राहतो. संगणकाचा पासवर्ड सहकाऱ्याला देऊन बाहेर चहाला जाणे तर सर्वांत घातक, कारण नोंद आपल्या नावाने होते आणि आपण त्या वेळी चहाच्या टपरीवर होतो हे कोणी लिहून ठेवत नाही. तेच काम आपल्या हाताखालच्या नव्या मुलाकडे ढकलणे हे मला याहूनही कमी प्रतीचे वाटते. जो हुकूम आपल्याला पेलला नाही तो वीस वर्षांच्या पोराला कसा पेलणार?

नोंदी मात्र चोख ठेवाव्यात. एका वहीत तारीख, वेळ, कोण काय म्हणाले आणि आपण काय उत्तर दिले, हे त्याच दिवशी लिहावे. पुढे आठवून लिहिलेल्याला तेवढी किंमत राहत नाही. व्हॉट्सॲपवर आलेले निरोप पुसू नयेत आणि फोन बदलला तरी जुना जपून ठेवावा. दिलेल्या प्रत्येक टिपणीच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि सही घ्यावी. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवावी. आपली टिपणी ही आपली असते, पण खातेदारांची कागदपत्रे संस्थेची असतात. ती झेरॉक्स करून घरी नेणारा माणूस स्वतःच आरोपी होऊन बसलेला दिसतो. फाइल क्रमांक आणि तारीख वहीत लिहून ठेवली की पुढे चौकशी करणाऱ्याला मूळ कागद मागवता येतात.

पैशाची बाजू हुकूम यायच्या आधीच सावरलेली असावी. पतसंस्थेत आणि कारखान्यात कामाला असणाऱ्यांचे घरबांधणीचे कर्ज अनेकदा त्याच संस्थेचे असते आणि जामीनदार म्हणून एखादा संचालकच उभा असतो. आपण ज्याला जामीन राहिलो त्याची सही मागताना संचालकाला संकोच वाटत नाही, हे ओळखून शक्य तितक्या लवकर कर्ज दुसऱ्या बँकेत न्यावे किंवा जामीनदार बदलावा. बाकी, सलग पाच वर्षे सेवा झालेली असली तर ग्रॅच्युइटीचा हक्क तयार होतो आणि भविष्यनिर्वाह निधी आपल्याच नावावर राहतो. साहेबांच्या नाराजीने या रकमा बुडत नाहीत, हे माहीत असलेला माणूस अधिक शांतपणे बोलतो.

बाहेर तक्रार करावी का

मी करणार नाही, असे सांगणे आणि तुम्ही केलेत म्हणून बाहेर सांगणे, या वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि पहिली चढली की दुसरी चढलीच पाहिजे असे नाही. आपल्या नकाराने काम थांबले असेल तर ते तेथेच मिटवणे शहाणपणाचे. ज्याने ऐकले त्याला ऐकल्याची शिक्षा होऊ नये. पण काम दुसऱ्याकडून झाले, ते चालूच आहे, आणि ज्यांचे नुकसान होत आहे त्यांना कल्पना नाही, अशी स्थिती असेल तर गप्प राहणे अवघड होते. अशा वेळीही आधी संस्थेतल्याच वरच्या माणसाला, म्हणजे पूर्ण संचालक मंडळाला किंवा साहेबांच्या साहेबांना, लेखी कळवावे.

त्यानंतरची दारे ठरलेली आहेत. सरकारी नोकराबाबत १९८४ च्या कायद्याने स्थापन झालेले कर्नाटक लोकायुक्त, सहकारी संस्थेबाबत सहकार खात्याचे उपनिबंधक, काट्याबाबत वजनमापे तपासणारे वैध मापन खाते. अर्ज मराठीत दिला तर घेणार नाहीत, अशी भीती अनेकांना वाटते. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. तरीही सोबत कानडी प्रत जोडावी, कारण अर्ज हक्काने दाखल झाला तरी तो वाचणाऱ्या कारकुनाला समजला नाही तर टेबलावरच पडून राहतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. निनावी पत्र पाठवू नये. ते कोणी लिहिले हे लहान संस्थेत दुपारपर्यंत सर्वांना कळते, आणि लिहिणाऱ्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी मात्र राहत नाही.

सोडायचेच ठरले तर

कधी कधी सर्व रीत पाळूनही जागा सोडावी लागते. रागाच्या भरात राजीनामा देऊ नये. ज्या दिवशी वाद झाला त्या दिवशी तर नाहीच. नेमणूकपत्रात लिहिलेली नोटिशीची मुदत पाहावी, शिल्लक रजेचा हिशेब मागावा आणि राजीनाम्यात कारण म्हणून ‘वैयक्तिक’ एवढेच न लिहिता, पूर्वी दिलेल्या टिपणीचा आवक क्रमांक आणि तारीख यांचा एका ओळीत उल्लेख करावा. ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे लिहिले की उद्या आपण स्वखुशीने, कोणतीही हरकत न घेता गेलो, असे म्हणायला जागा मिळते. आणि चार पाने भरून लिहिले तर ते पत्र स्वीकारायलाच कोणी तयार होत नाही.

चार्ज देताना यादी स्वतः तयार करावी: रोख शिल्लक, किल्ल्या, कोरे चेक, शिक्के, तारण सोन्याची पाकिटे, चालू फाइली, आणि ज्या फाइलींवर आपण सही केलेली नाही त्या फाइलींचे क्रमांक वेगळ्या मथळ्याखाली, ‘सही प्रलंबित’ असे लिहून. संगणकावरचे आपले खाते बंद केल्याचे लेखी घ्यावे, म्हणजे मागाहून त्यावरून कोणी नोंद करू शकणार नाही. यादीच्या दोन प्रती काढाव्यात, चार्ज घेणाऱ्याची प्रत्येक पानावर सही घ्यावी, आणि एक प्रत त्याच दिवशी घरी न्यावी.